दुसरा भाग कसा तोलावा : कुमारांसाठीच्या विज्ञानकादंबरीच्या उत्तरभागाचे परीक्षण लिहिताना

कोल्हापुरात रविवारी सकाळी कुमारवयीन वाचकांच्या एका छोट्या गटाबरोबर मी बसते. गटातली मुले आठवी ते बारावीच्या वर्गांतली आहेत, यंत्रमानव, परग्रह आणि काळप्रवास यांच्या गोष्टी त्यांना मनापासून आवडतात, आणि वाचलेल्या पुस्तकावर प्रत्येकाने दोन पाने लिहून आणावीत असा आमचा शिरस्ता आहे. एखाद्या कादंबरीच्या पहिल्या भागावर ही मुले फार चांगले लिहितात. दुसरा भाग आला की मात्र बहुतेक वह्यांत एकच वाक्य सापडते : "पहिला भाग जास्त छान होता." हे वाक्य खोटे नसते, पण त्यातून त्या पुस्तकाविषयी काहीच कळत नाही, कारण अनोळखी जगात पहिल्यांदा पाऊल टाकण्याचा आनंद दुसऱ्या भागाला मुळातच देता येत नाही आणि जे त्याच्या हाती नव्हते त्याबद्दल त्याला दोषी धरणे न्यायाचे नाही.

म्हणून उत्तरभागाचे परीक्षण कसे लिहावे, हे मी त्यांच्यासाठी हळूहळू नीट मांडत गेले, आणि तेच इथे सविस्तर लिहीत आहे. दोन्हींतले जास्त रंजक पुस्तक कोणते हे ठरवणे हा त्या कामाचा हेतू नाही. पहिल्या भागाने वाचकाला जे शब्द दिले होते, त्यांतले कोणते दुसऱ्याने पाळले, कोणते मोडले आणि मोडताना त्याचे कारण कथेतच दिले का, हे पाहायचे आहे. गुण आणि दोष या दोहोंचा शोध याच ठिकाणी सुरू होतो.

पहिले काम उत्तरभाग हातात घेण्याआधीचे आहे. पहिल्या भागाची निदान शेवटची तीसचाळीस पृष्ठे पुन्हा वाचावीत, आणि शक्य असेल तर संपूर्ण पुस्तकच वाचावे. आठवणीवर विसंबू नये. वर्षभरानंतर आपल्या मनात पुस्तक उरत नाही, त्यातले दोन प्रसंग आणि एक भावना उरते, आणि मग आपण उत्तरभागाची तुलना त्या भावनेशी करत बसतो. वाचून झाल्यावर वहीच्या एका पानावर तीन गोष्टी लिहाव्यात : कोणते प्रश्न अनुत्तरित राहिले, या जगात काय शक्य आहे आणि काय अशक्य आहे, आणि मुख्य पात्राला शेवटी काय कळले होते. हे पान दुसरा भाग वाचताना शेजारी ठेवावे. ग्रंथालयाची प्रत असेल तर तिच्यावर पेन्सिल चालवू नये. कागदाच्या पातळ पट्ट्या घालाव्यात आणि पट्टीवरच पृष्ठाचा आकडा व चार शब्द लिहावेत. पहिले वाचन मात्र पट्ट्यांशिवाय, निव्वळ वाचक म्हणून करावे. ज्या पुस्तकाने आपल्याला रात्री जागवले त्याने काहीतरी नक्कीच साधलेले असते, आणि ते काय होते हे दुसऱ्या वाचनात शोधता येते. पहिल्याच वाचनात परीक्षक होऊन बसलेल्याला तो अनुभव येतच नाही.

सुरुवातीच्या पृष्ठांकडे थोडक्यात पाहून पुढे जावे. मागील कथा सांगण्याची अडचण प्रत्येक उत्तरभागापुढे असते. कुशल लेखक ती माहिती आजच्या प्रसंगात मिसळतो, म्हणजे पात्राच्या हातावरचा व्रण दिसतो आणि तो कसा झाला हे दोन वाक्यांत कळते. अकुशल लेखक दोन पात्रांना समोरासमोर बसवून, दोघांनाही ठाऊक असलेल्या गोष्टी एकमेकांना सांगायला लावतो. पहिला भाग न वाचलेल्या एखाद्या मित्राला पहिले प्रकरण वाचायला द्यावे आणि त्याला काय समजले ते विचारावे. ही चाचणी सोपी आहे आणि तिचे उत्तर बहुधा खरे निघते.

यानंतरची तपासणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून तिच्यावर अधिक वेळ घालवते. विज्ञानकादंबरीच्या पहिल्या भागात एखादा शोध लागतो, एखादे यंत्र तयार होते किंवा एखादी नवी शक्ती माणसाच्या हाती येते. त्या एका गोष्टीने जग किती बदलले, हे दुसऱ्या भागाने दाखवायचे असते. आमच्या गटात मी हे इथल्याच उदाहरणाने समजावते. समजा, पहिल्या भागात कोल्हापूरच्या एका शाळकरी मुलीने पंचगंगेच्या पाण्याची पातळी तीन दिवस आधी अचूक सांगणारे यंत्र तयार केले, तिच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही, अखेर नदीकाठच्या प्रयाग चिखली आणि आंबेवाडी या गावांचे लोक गुराढोरांसह वेळेत बाहेर पडले, आणि पुस्तक तिथे संपले. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे आकडे इथल्या मुलांना पाढ्यांसारखे पाठ असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेले होते आणि २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा शहरात शिरले होते, त्यामुळे या गोष्टीतली भीती त्यांना कोणी समजावून द्यावी लागत नाही.

आता याच गोष्टीचा उत्तरभाग लिहायचा आहे. मुलांकडून पहिल्यांदा येणारी कल्पना ठरलेली असते : एक दुष्ट माणूस ते यंत्र चोरतो आणि नायिका ते परत मिळवते. ही गोष्ट वेगवान होईल, पण तिच्यात यंत्राच्या जागी हिऱ्यांची पेटी ठेवली तरी काही बिघडणार नाही, आणि हाच तिचा दोष आहे. मग मी त्यांना विचारते की यंत्र खरोखरच अचूक असेल तर पुढच्या पावसाळ्यात नेमके काय घडेल. उत्तरे हळूहळू येऊ लागतात. शाहूपुरीतल्या ज्या घराला पाणी लागणार हे आधीच ठरले, त्याचे भाडे कोण देईल? यंत्राने ४१ फूट सांगितले म्हणून जो शेतकरी गोठा सोडून गेला नाही, त्याच्या म्हशींची जबाबदारी कोणाची? पाणी मोजण्याच्या पट्टीवरची पातळी डोळ्यांनी वाचणारी माणसे यंत्र आल्यावर ते काम विसरली आणि एका रात्री यंत्र बंद पडले तर? एकदा एका मुलाने याहूनही खोल प्रश्न विचारला. पूर येणार हे तीन दिवस आधी कळले म्हणून वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचे वेळापत्रकच बदलले, तर पूर येणार नाही आणि यंत्राचे भाकीत खोटे ठरेल. मग यंत्र चुकले असे म्हणायचे की बरोबर ठरले असे म्हणायचे? हा प्रश्न ज्या उत्तरभागात असेल तो पहिल्या भागाच्या पुढे गेलेला असेल, कारण त्याने शोध तोच ठेवून त्याचा अर्थ बदलला.

परीक्षण लिहिताना म्हणून स्वतःला असे विचारावे : पहिल्या भागातल्या शोधामुळे दुसऱ्या भागातली सामान्य माणसे, म्हणजे भाजी विकणारी बाई, बसचा वाहक, शाळेचा शिपाई, वेगळे वागू लागली आहेत का? ती तशीच राहिली असतील आणि शोध केवळ नायकाच्या खिशात असेल, तर लेखकाने आपल्याच कल्पनेकडे पाठ फिरवली आहे. हा दोष मी मोठा मानते, आणि तो पाठलागांनी किंवा स्फोटांनी भरून निघत नाही.

विज्ञानाची तपासणी करताना मुले बहुधा एक चूक करतात : पुस्तकातली प्रत्येक गोष्ट आज शक्य आहे का हे ती पडताळू लागतात. विज्ञानकादंबरीला एक अशक्य गोष्ट गृहीत धरण्याची मुभा असते. तिने त्या गृहीतकाशी सुसंगत राहावे, एवढीच अपेक्षा असते. उदाहरणार्थ, रेडिओसंदेशाला पृथ्वीपासून मंगळापर्यंत पोहोचायला दोन्ही ग्रहांच्या अंतरानुसार साधारण ३ ते २२ मिनिटे लागतात. पहिल्या भागात मंगळावरची मुलगी आईच्या उत्तराची वाट पाहत बसते आणि त्या वाट पाहण्यातून तिचा एकाकीपणा आपल्याला जाणवतो. दुसऱ्या भागात तीच मुलगी आईशी सलग गप्पा मारते आणि नवे साधन कोणते आले याचे एक वाक्यही कुठे नसते. इथे विज्ञान चुकले हा भाग लहान आहे. पहिल्या भागाने ज्या शांततेतून दुःख उभे केले होते ती शांतताच दुसऱ्याने पुसून टाकली, हा खरा तोटा आहे, आणि परीक्षणात तो तसाच लिहावा.

पुस्तकातली विसंगती शोधायला नेहमीच बाहेरचे ज्ञान लागते असे नाही. फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न यांच्या कादंबऱ्या भा. रा. भागवत यांच्या अनुवादांमुळे मराठी मुलांच्या किती तरी पिढ्यांना माहीत आहेत. व्हर्न यांनी चंद्राच्या प्रवासावर दोन भागांत लिहिले : १८६५ च्या पहिल्या भागात ९०० फूट लांबीच्या अवाढव्य तोफेतून तीन माणसांना घेऊन गोळा उडतो, आणि १८७० साली पुस्तकरूपाने आलेला दुसरा भाग त्या गोळ्याच्या आतला प्रवास सांगतो. दुसऱ्या भागात सोबतचा एक कुत्रा मरतो, त्याचे शरीर खिडकीतून बाहेर टाकले जाते, आणि ते मागे न पडता गोळ्याच्या बरोबरीने प्रवास करत राहते. हे वर्णन शास्त्रदृष्ट्या अगदी बरोबर आहे. परंतु त्याच वेळी आतली माणसे मात्र घरातल्यासारखी जमिनीवर उभी असतात, आणि पृथ्वी व चंद्र यांची ओढ समान होते त्या एकाच ठिकाणी थोडा वेळ तरंगतात. बाहेरचे शरीर ज्या कारणाने गोळ्याबरोबर जात राहते, त्याच कारणाने आतल्या माणसांनीही सगळ्या प्रवासात तरंगायला हवे होते. भौतिकशास्त्र न शिकलेला पण सावध वाचकसुद्धा ही दोन दृश्ये शेजारी ठेवून प्रश्न विचारू शकतो. मला हे उदाहरण फार आवडते, कारण त्यात लेखकाची थक्क करणारी दूरदृष्टी आणि त्याची चूक एकाच प्रवासात सापडतात, आणि परीक्षकाने दोन्ही सांगितल्या तरच त्या पुस्तकाचे खरे चित्र उभे राहते.

याच जोडीतून आणखी एक गोष्ट शिकता येते. तोफेच्या नळीत एवढ्या थोड्या अंतरात सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर वेग गाठायचा, तर आतल्या माणसांवर गुरुत्वाकर्षणाच्या वीस हजार पटींहून अधिक जोर येईल आणि कोणीही वाचणार नाही. हे गणित अकरावीतला विद्यार्थी वहीत करू शकतो. पण ही चूक पहिल्या भागाच्या गृहीतकातली आहे. दुसऱ्या भागाला ती वारशाने मिळाली. उत्तरभागाचे परीक्षण करताना वारशाने आलेला दोष आणि नव्याने केलेला दोष वेगवेगळे मांडावेत. हे भान सुटले की परीक्षण अन्यायकारक होते.

आता पुनरावृत्तीविषयी. "पुन्हा तेच दाखवले" ही तक्रार उत्तरभागाविषयी सर्वाधिक ऐकू येते, आणि ती नेहमीच बरोबर असते असे नाही. सुझान कॉलिन्स यांच्या 'द हंगर गेम्स' (२००८) या कादंबरीचा उत्तरभाग 'कॅचिंग फायर' (२००९) आमच्या गटातल्या मुलांनी इंग्रजीतून वाचला आहे, म्हणून त्याचे उदाहरण घेते. ज्यांना तो पुढे वाचायचा आहे त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. पहिल्या भागात कॅटनिस ही सोळा वर्षांची मुलगी एका जीवघेण्या खेळात उतरते आणि जिवंत परतते. दुसऱ्या भागात तिला पुन्हा तशाच रिंगणात जावे लागते. वरवर पाहता ही सरळ पुनरावृत्ती आहे. पण या वेळी तिच्यासमोर पूर्वीच्या खेळांतले विजेते आहेत, म्हणजे "जिंकलात की सुटलात" हे पहिल्या भागातले वचनच राजसत्तेने मोडले आहे. आणि रिंगणात जाण्यापूर्वीचा मोठा भाग, पहिल्या भागाच्या शेवटी तिने केलेल्या एका कृतीचे पडसाद निरनिराळ्या प्रांतांत कसे उमटले हे दाखवण्यात गेला आहे. प्रसंग तोच, अर्थ मात्र वेगळा, म्हणून माझ्या मते ही पुनरावृत्ती पुस्तकाचा गुण ठरते. दोष दुसरीकडे आहे. शेवटी कळते की सर्वांत मोठी योजना इतरांनी तिच्यापासून लपवून आखली होती, आणि पहिल्या भागात स्वतःच्या निर्णयाने सत्तेला अडवणारी मुलगी इथे बऱ्याच अंशी इतरांच्या निर्णयाने वाहून जाते. कथा तिच्याच तोंडून सांगितलेली असल्यामुळे वाचकाला धक्का बसतो हे खरे. परंतु त्या धक्क्यासाठी तिचे कर्तेपण खर्च झाले आहे. काही मुलांना हे पटत नाही. खऱ्या उठावात एकट्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला सगळे माहीत असणेच अवास्तव वाटले असते, असे ती म्हणतात, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. परीक्षणात असा मतभेद लपवू नये. आपले मत आणि त्याच्या विरुद्ध बाजूचे सर्वांत बळकट म्हणणे, दोन्ही लिहावीत.

कुमारांसाठीच्या पुस्तकात पात्राचे वय ही साधी माहिती राहत नाही. पंधरा ते सतरा या दोन वर्षांत मुलगा किंवा मुलगी जितकी बदलते तितकी पुढे वीस वर्षांत बदलत नसेल. उत्तरभागात वर्षभर काळ पुढे गेला असेल आणि नायक त्याच चुका त्याच शब्दांत करत असेल, तर लेखकाने पात्राला वाढू दिलेले नाही. आईवडिलांशी असलेले त्याचे नाते या दृष्टीने पाहावे. पहिल्या भागात मोठी माणसे बहुधा अडवणारी किंवा अनुपस्थित असतात. दुसऱ्या भागात मुलाला आईच्या भीतीमागचे कारण समजले, तिच्याविषयी राग शिल्लक असूनही समजले, तर तो बदल नोंद घेण्याजोगा असतो.

मराठी वाचकाने आणखी एक तपासणी करावी, आणि ती इंग्रजीतले कोणतेही परीक्षण आपल्यासाठी करून ठेवणार नाही. आपल्याकडची पुष्कळ कुमार-विज्ञानकथा अनुवादातून येते, आणि इंग्रजीतला एकच संबोधनाचा शब्द मराठीत आला की अनुवादकाला 'तू' की 'तुम्ही' हे ठरवावे लागते. अंतराळयानाच्या कप्तानाला पहिल्या भागात नायिका 'तुम्ही' म्हणत असेल आणि दुसऱ्या भागात, त्याने तिला फसवल्याचे कळल्यावर, ती अचानक 'तू' म्हणाली, तर मूळ पुस्तकात नसलेली ठिणगी अनुवादात पडलेली असते. मराठी घरात वाढलेल्या मुलाला तो एक शब्द कानाखाली वाजल्यासारखा ऐकू येतो. पण हाच बदल कारणाशिवाय, दुसऱ्या भागाचा अनुवाद दुसऱ्या व्यक्तीने केला म्हणून झाला असेल, तर तो निष्काळजीपणा आहे. कोणत्या पृष्ठावर बदल झाला आणि त्या पृष्ठावर कथेत काय घडले, एवढे पाहिले की फरक कळतो.

यंत्रांच्या बाबतीत हे आणखी सूक्ष्म होते. मराठीत बोलणारा यंत्रमानव 'मी आलो' म्हणेल, 'मी आले' म्हणेल, की त्याच्याविषयी बोलताना 'ते आले' म्हटले जाईल? क्रियापदाला लिंग असल्यामुळे इथे तटस्थ राहता येत नाही. पहिल्या भागात ज्याला सगळे 'ते यंत्र' म्हणत होते, त्याला दुसऱ्या भागात एकटी नायिकाच 'तो' म्हणू लागली, तर लेखकाने एकही भाषण न करता मैत्रीची गोष्ट सांगितली. आमच्या भागात मुली घरीदारी सहज 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात, मीही घरी तसेच बोलते. त्यामुळे कोल्हापूरच्या मुलीच्या तोंडून सांगितलेल्या कथेत दोन भागांत क्रियापदे वेगवेगळी दिसली तर ती चूक आहे, की पहिल्या भागातली गावाकडची मुलगी दुसऱ्या भागात अंतराळ संस्थेत जाऊन प्रमाण भाषा बोलू लागली आहे, हे परीक्षकाने थांबून पाहावे. एका मुलीने या एकाच मुद्द्यावर दोन पाने लिहून आणली होती, आणि त्या वर्षी आमच्या गटात लिहिले गेलेले ते सर्वांत चांगले परीक्षण होते असे मला आजही वाटते. पारिभाषिक शब्दांचे मात्र फार विश्लेषण करू नये. 'कृष्णविवर' पहिल्या भागात आणि 'ब्लॅक होल' दुसऱ्या भागात असे झाले असेल तर एका वाक्यात नोंदवावे आणि पुढे जावे.

गुणदोष सापडले की ते तोलायचे असतात, आणि तोलणे म्हणजे मोजणे नव्हे. सात दोष आणि तीन गुण सापडले म्हणून पुस्तक वाईट ठरत नाही. व्हर्न यांच्याच 'रहस्यमय बेट' या कादंबरीत, जी मुलांच्या नियतकालिकातून १८७४-७५ मध्ये क्रमशः आली, पाणबुडीवाला कॅप्टन नेमो पुन्हा भेटतो. त्याची पाणबुडीतली प्रसिद्ध सफर 'ट्वेंटी थाउजंड लीग्स अंडर द सी' या आधीच्या पुस्तकात १८६७-६८ सालची आहे; हे पुस्तक १८६५ ते १८६९ या काळात घडते, आणि तरीही ती सफर सोळा वर्षांपूर्वीची म्हणून सांगितली जाते. हिशेब कोणत्याही रीतीने जुळत नाही. पण आधीच्या पुस्तकाने जो सर्वांत मोठा प्रश्न सोडला होता, म्हणजे हा माणूस आहे तरी कोण आणि त्याचा राग कशाचा, त्याचे उत्तर इथे मिळते : तो बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर आहे, १८५७ च्या उठावात लढलेला आणि घरदार गमावलेला. भारतीय वाचकासाठी या उत्तराने आधीचे संपूर्ण पुस्तक नव्याने उजळते. एका पारड्यात सनावळीची चूक आहे आणि दुसऱ्यात माणसाचा उलगडा. परीक्षकाने चूक लिहावी, लपवू नये, पण तिला किती ओळी द्यायच्या हे त्या वजनावरून ठरवावे. कोणता दोष वाचकाच्या विश्वासाला तडा देतो आणि कोणता केवळ टिपणवहीत राहतो, हे ओळखण्यासाठी पहिल्या वाचनाची आठवण उपयोगी पडते : त्या ठिकाणी वाचताना आपण खरोखर अडखळलो होतो का?

तीन भागांच्या मालिकेतला मधला भाग असेल तर त्याच्या शेवटाकडे वेगळ्या नजरेने पाहावे. कथा अपुरी राहणे हा मधल्या भागाचा दोष नाही, पण त्या पुस्तकापुरता एखादा प्रश्न तरी पूर्ण सुटलेला असावा. केवळ पुढचे पुस्तक घ्यायला लावण्यासाठी शेवटच्या पृष्ठावर नवाच धोका उभा केला असेल, ज्याची चाहूल आधी कुठेही नव्हती, तर तसे स्पष्ट लिहावे.

प्रत्यक्ष लिहिण्याविषयी काही सूचना. आठशे ते हजार शब्द पुरेसे होतात, आणि त्यांतले कथानकाला दीडशेहून अधिक देऊ नयेत. पहिल्या भागाचा शेवट सांगावाच लागतो. दुसऱ्या भागाच्या उत्तरार्धातले रहस्य मात्र फोडू नये, आणि फोडल्याशिवाय मुद्दा मांडताच येत नसेल तर वाचकाला त्या परिच्छेदाच्या आरंभीच सावध करावे. प्रत्येक विधानाला पुस्तकातला प्रसंग जोडावा. "पात्रे जिवंत वाटत नाहीत" असे लिहिण्याऐवजी, भावाच्या मृत्यूनंतर तीन पृष्ठांतच नायक विनोद करू लागतो असे लिहिले, तर वाचक स्वतः ठरवू शकतो. "मला आवडले नाही" आणि "पुस्तकाला जमले नाही" ही दोन वेगळी वाक्ये आहेत. पहिले लिहायला हरकत नाही, पण ते दुसऱ्याच्या वेषात लिहू नये. एखाद्याला युद्धाची वर्णने आवडत नाहीत ही त्याची रुची झाली, आणि युद्धात कोण कोणत्या बाजूला आहे हेच कळत नाही ही लेखनातली उणीव झाली.

लेखकाच्या नावाचा दबाव उत्तरभागावर जास्त असतो, कारण तोपर्यंत तो लेखक आपला लाडका झालेला असतो किंवा आपण त्याच्यावर रुसलेलो असतो. जयंत नारळीकर, ज्यांचा जन्म १९३८ साली याच कोल्हापुरात झाला, यांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी आपली कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने, म्हणजे स्वतःची आद्याक्षरे उलटी करून. विख्यात खगोलशास्त्रज्ञाचे नाव समोर नसतानाही ती कथा पहिली आली. आमच्या गटात म्हणून मी उत्तरभागाच्या मुखपृष्ठाला वर्तमानपत्राचा कागद घालून देते. लेखक कोण हे मुलांना ठाऊक असतेच, तरीही मलपृष्ठावरची स्तुती आणि पहिल्या भागाच्या खपाचे आकडे डोळ्यांसमोर नसले की ती पुस्तकाविषयी अधिक मोकळेपणाने बोलतात, असे मी पाहिले आहे.

मसुदा पूर्ण झाला की तो दोन दिवस बाजूला ठेवावा. नंतर सुरुवातीचे ते वहीतले पान, ज्यावर पहिल्या भागाचे तीन मुद्दे लिहिले होते, ते काढावे आणि मसुद्याशेजारी ठेवावे. अनुत्तरित प्रश्नांतल्या ज्यांचा उल्लेख परीक्षणात कुठेच आला नाही, त्यांच्यापुढे खूण करावी. त्यांतला एखादा प्रश्न लेखक विसरला असेल. एखादा आपणच विसरलो असू, आणि मग पुस्तक पुन्हा उघडून ते पृष्ठ शोधावे लागेल.